मुंबईची ३९ मिनिटे : गिरणीच्या भोंग्यापासून मोबाइलमधील कॅलेंडरपर्यंत

१/
१ जानेवारी १९०६. मुंबईतील काही घड्याळे सुमारे ३९ मिनिटे पुढे सरकली आणि काही जागची हलली नाहीत. त्यानंतर जवळजवळ अर्धशतक या एकाच शहरात दोन वेळा नांदत राहिल्या. रेल्वेची वेळ एक, महापालिकेची दुसरी. आजचा दीर्घ थ्रेड या दोन वेळांच्या भांडणाविषयी आहे, आणि ते भांडण आपल्या मोबाइलमधील कॅलेंडरात कसे शिल्लक राहिले आहे त्याविषयीही. 🧵

२/
प्रारंभ माझ्याच चुकीपासून करते. मी भिवंडीजवळ टेमघरला राहते, इतिहासात पदव्युत्तर शिक्षण घेते. आम्ही काही मित्रमंडळी महिन्यातून एकदा स्थानिक इतिहासावर व्याख्यान ठेवतो. त्याची आमंत्रणे ऑनलाइन कॅलेंडरातून जातात. एका व्याख्यानाची वेळ पाचऐवजी सहा करायची होती. पुढच्या सगळ्याच व्याख्यानांच्या वेळा बदलायच्या असल्याने एकेक हाताने बदलण्याऐवजी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि कॅलेंडरच्या एपीआयमार्फत, म्हणजे प्रोग्रॅमिंग इंटरफेसमार्फत, तो बदल करून टाकला.

३/
दहा मिनिटांत आमच्या नेहमीच्या श्रोत्यांपैकी एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. "अगं, रात्री साडेअकराला व्याख्यान? ऐकायला कोण येणार, वेताळ?" त्यांच्या फोनवर खरोखरच ११:३० वाजताचे आमंत्रण दिसत होते. शिवाय आमंत्रणातील पत्ता आणि व्याख्यानाचा विषयही गायब झाला होता. एक तास पुढे ढकलण्याच्या नादात मी कार्यक्रम साडेसहा तास पुढे नेला होता आणि अर्धा पुसूनही टाकला होता.

४/
चूक कुठे झाली? कॅलेंडरला वेळ कळवताना तारीख, तास, मिनिटे, सेकंद आणि शेवटी 'जागतिक वेळेपासूनचे अंतर' लिहावे लागते. इंटरनेटवर वेळ लिहिण्याची ही पद्धत २००२ साली प्रमाणित झाली. भारतासाठी ते अंतर '+०५:३०' असे लिहितात. मी त्या जागी रोमन 'झेड' हे अक्षर लिहिले होते. त्याचा अर्थ 'शून्य अंतर', म्हणजेच जागतिक वेळ. यंत्राने माझे सहा वाजणे ग्रिनिचच्या सहा वाजण्याशी जोडले आणि त्यात साडेपाच तास मिळवून गुरुजींना रात्रीचे साडेअकरा दाखवले.

५/
चूक दुरुस्त करताना एक प्रश्न मनात राहिला. +०५:३० हा आकडा आपण इतक्या सहजपणे लिहितो. पण तो आला कोठून? साडेपाचच का? सूर्याला विचारले तर टेमघरचे खरे अंतर साडेपाच तास नाहीच. ते चार तास बावन्न मिनिटांच्या आसपास येते. मग उरलेली ३८ मिनिटे कोणी मिळवली, केव्हा, आणि कोणाला विचारून?

६/
हिशेब सोपा आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर ठरते. ते मिर्झापूरजवळून जाते. टेमघर सुमारे ७३ अंशांवर आहे. फरक साधारण साडेनऊ अंशांचा. त्यामुळे आमच्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात बारा वाजता नव्हे, तर वर्षाच्या सरासरीने १२ वाजून ३८ मिनिटांनी. कुलाब्याला त्याहून सुमारे एक मिनिट उशिरा.

७/
एकेकाळी प्रत्येक गावाची वेळ अशीच स्वतःची होती. दिवस सूर्योदयापासून मोजला जाई. अहोरात्राच्या ६० घटिका, एक घटिका २४ मिनिटांची, तिची ६० पळे. पाण्यावर ठेवलेले छिद्राचे घटिकापात्र भरून बुडाले की एक घटका संपली. 'घटका भरली' हा वाक्प्रचार आणि खुद्द 'घड्याळ' हा शब्द त्याच कुळातला. नाशिकची घटका आणि नागपूरची घटका एकाच क्षणी भरत नसे. त्याने कोणाचे काही अडतही नसे, कारण एका दिवसात नाशिकहून नागपूरला कोणी पोहोचत नव्हते.

८/
मग रेल्वे आली. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीन वाजता बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी सुटली. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, लोहमार्ग आमच्या शेजारी कल्याणपर्यंत आला. अंतर लहान होते तोवर मुंबईचे घड्याळ पुरत होते. पण लोहमार्ग मुंबई, कलकत्ता आणि मद्रास यांना जोडू लागले तेव्हा प्रश्न उभा राहिला. मुंबई आणि कलकत्ता यांच्या स्थानिक वेळांत सुमारे ६२ मिनिटांचा फरक. एकाच वेळापत्रकात दोन्ही छापायच्या तर प्रवाशाने गाडी पकडायची कशी?

९/
रेल्वेने मधला मार्ग काढला तो मद्रासचा. तिथे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून वेधशाळा होती, वेळ अचूक मोजली जात होती, आणि मद्रासची वेळ मुंबई व कलकत्ता यांच्या साधारण मध्ये पडत होती : मुंबईच्या अर्धा तास पुढे, कलकत्त्याच्या अर्ध्या तासाहून थोडी मागे. १८७० च्या सुमारापासून देशभरातील रेल्वे 'मद्रास वेळे'वर धावू लागल्या. स्थानकाबाहेर मात्र शहराची स्वतःची वेळ कायम राहिली.

१०/
मुंबईतील पहिली ठिणगी १८८१ साली पडली. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन (पुण्याच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे तेच) यांनी शासकीय कारभारासाठी मद्रास वेळ लागू केली. शहरात नाराजी उसळली. व्यापारी वर्ग आणि वृत्तपत्रे विरोधात गेली. १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या राजाबाई टॉवरवरील विद्यापीठाचे घड्याळ कोणती वेळ दाखवणार, हाही वादाचा विषय ठरला. अखेर १८८३ मध्ये सरकारने माघार घेतली. मुंबईने मुंबई वेळ राखली.

११/
याच सुमारास जगही आपली घड्याळे जुळवू पाहत होते. ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि ग्रिनिचचे रेखावृत्त शून्य मानण्याचे ठरले. त्यापासून तासाच्या किंवा अर्ध्या तासाच्या पूर्ण अंतरांवर प्रमाणवेळा बसवण्याची कल्पना हळूहळू रुजली. भारतासाठी साडेपाच तासांचे अंतर निश्चित झाले. १ जुलै १९०५ पासून रेल्वे व तारखात्याने ते स्वीकारले आणि १ जानेवारी १९०६ पासून मुंबईसाठीही ते लागू करण्यात आले.

१२/
काळ लक्षात घ्या. १६ ऑक्टोबर १९०५ रोजी बंगालची फाळणी अमलात आली होती. स्वदेशी आणि बहिष्काराचे वारे देशभर वाहत होते. अशा वेळी वरून आलेला 'तुमचे घड्याळ चुकीचे आहे, ते पुढे करा' हा हुकूम निव्वळ खगोलशास्त्रीय सुधारणा म्हणून कोण ऐकणार? सरकारच्या दृष्टीने ही सोय होती. मुंबईकरांच्या दृष्टीने एका दूरच्या सत्तेने त्यांच्या दिवसावर हात टाकला होता.

१३/
मात्र हा केवळ अस्मितेचा प्रश्न होता असे समजू नका. गिरणगावात त्याचा अर्थ अगदी रोकडा होता. जानेवारीत मुंबईत सूर्य आजच्या घड्याळाप्रमाणे सव्वासातच्या आसपास उगवतो. मुंबई वेळेने ते साडेसहा होतात. समजा गिरणीचा भोंगा सकाळी सहाला होतो. मुंबई वेळेचे सहा म्हणजे उजाडण्याच्या अर्धा तास आधी. नव्या वेळेचे सहा म्हणजे उजाडण्याच्या सव्वा तास आधी. भोंगा 'सहा'लाच होणार. पण कामगाराची झोप ३९ मिनिटांनी तुटणार. ३९ मिनिटे म्हणजे दीड घटकेहून अधिक.

१४/
याची पार्श्वभूमी आणखी कडू होती. गिरण्यांत विजेचे दिवे आले तसा कामाचा दिवस अंधार पडल्यावरही लांबवता येऊ लागला होता, आणि १९०५ मध्ये त्यावरून असंतोष धुमसत होता. प्रौढ पुरुष कामगारांसाठी दिवसाला १२ तासांची कायदेशीर मर्यादा आली ती १९११ च्या फॅक्टरी कायद्याने. रविवारची साप्ताहिक सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून १० जून १८९० रोजी मिळाली होती. ज्यांनी एकेका तासासाठी झगडा दिला, त्यांना घड्याळाचा काटा सरकवणे ही किरकोळ बाब वाटणे शक्यच नव्हते.

१५/
जानेवारी १९०६ मध्ये काही हजार गिरणी कामगारांनी काम बंद पाडले, गिरण्यांवर दगड फेकले. शहरात पंधरा हजारांहून अधिक सह्यांचे अर्ज झाले. एका बाजूला मागावर उभा राहणारा कामगार आणि दुसऱ्या बाजूला सभेत ठराव मांडणारा वकील किंवा व्यापारी. दोघांची कारणे वेगळी, पण तक्रार एकच : आम्हाला विचारले नाही.

१६/
ही तक्रार महापालिकेत मांडली ती फिरोजशहा मेहता यांनी. जनतेचा सल्ला न घेता हा बदल लादला जात आहे, हा त्यांच्या बाजूचा मुख्य मुद्दा होता. महापालिकेने आपली घड्याळे मुंबई वेळेवर ठेवण्याचा निर्णय १९०६ मध्येच घेतला. क्रॉफर्ड मार्केटचे घड्याळ महापालिकेचे, म्हणून ते मुंबई वेळेचे. थोड्याच अंतरावर व्हिक्टोरिया टर्मिनसचे घड्याळ रेल्वेचे, म्हणून ते प्रमाणवेळेचे. बाजारातून भाजी घेऊन स्थानकाकडे चालत गेलेला मनुष्य पाच-सात मिनिटांत पाऊण तास म्हातारा होत असे!

१७/
या 'घड्याळांच्या लढाई'सह मुंबईकर जगायला शिकले. निमंत्रणपत्रिकेत वेळेपुढे 'स्टँडर्ड टाइम' की 'मुंबई टाइम' हे लिहावे लागे. लग्नाचा मुहूर्त एका वेळेचा आणि पाहुण्यांची गाडी दुसऱ्या वेळेची, हा हिशेब घरोघरी चाले. आजच्या भाषेत सांगायचे तर त्या काळचा प्रत्येक मुंबईकर मनातल्या मनात वेळपट्टी बदलत होता, आणि पत्रिकेवरचे ते दोन शब्द म्हणजे माझ्या प्रोग्रॅममधून सुटलेले '+०५:३०' होते.

१८/
त्यात दुसरे महायुद्ध आले. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात भारताची घड्याळे आणखी एक तास पुढे, म्हणजे ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे होती. मुंबईत तेव्हा सूर्य माथ्यावर येई तो घड्याळात दीड वाजून गेल्यावर. त्या वर्षांत जन्मलेल्यांची पत्रिका मांडताना ज्योतिषी आजही जन्मवेळेतून तो एक तास वजा करतात. त्या काळचे कागदपत्र वाचणाऱ्या अभ्यासकानेही तितकीच दक्षता घ्यायला हवी.

१९/
स्वातंत्र्यानंतर परक्या सत्तेचा मुद्दा उरला नाही. कलकत्त्याने १९४८ मध्ये आपली वेळ सोडली. मुंबईत ही लढाई १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात विझली. 'मुंबई वेळे'चा अंत म्हणून सामान्यतः १९५५ हे वर्ष सांगितले जाते. ज्या प्रमाणवेळेविरुद्ध दगड उचलले गेले, तीच वेळ स्वतंत्र देशाची वेळ म्हणून निमूटपणे स्वीकारली गेली. काटा तोच, अंतर तेच; बदलले होते ते सांगणारे तोंड.

२०/
आता पुन्हा कॅलेंडराकडे. यंत्राला नुसते +०५:३० पुरत नाही. दर महिन्याला येणाऱ्या कार्यक्रमासाठी त्याला वेळपट्टीचे नावही हवे असते. कारण अनेक देश उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात, आणि काही सरकारे अचानक वेळ बदलतात. ही सारी नावे आणि बदल एका सामायिक डेटाबेसमध्ये नोंदवलेले असतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेला हा डेटाबेस आज जगातील बहुतेक फोन, सर्व्हर आणि कॅलेंडरे वापरतात. त्यात भारताचे नाव आहे 'एशिया/कोलकाता'.

२१/
त्या एका नावामागे किती इतिहास दडला आहे पाहा. १८५४ पर्यंत कलकत्त्याची स्थानिक वेळ. त्यानंतर १८७० पर्यंत हावडा वेळ, ५ तास ५३ मिनिटे २० सेकंद. १८७० ते १९०५ अखेर मद्रास वेळ, ५ तास २१ मिनिटे १० सेकंद. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तास. मग युद्धकाळातील जादा तास. नावही पूर्वी 'एशिया/कलकत्ता' असेच होते. शहराचे नाव २००१ मध्ये बदलले आणि डेटाबेसने ते २००८ मध्ये स्वीकारले. जुने नावही मागे चालू ठेवले आहे, म्हणजे जुने प्रोग्रॅम मोडू नयेत.

२२/
आणि मुंबई? मुंबई वेळेला त्यात स्वतंत्र नोंद नाही. यामागे कट नाही, नियम आहे. १९७० नंतर ज्या प्रदेशांची घड्याळे वेगळी चालली त्यांनाच तिथे स्वतंत्र नाव मिळते, कारण संगणकांच्या मोठ्या कुळाची कालगणना १ जानेवारी १९७० च्या जागतिक मध्यरात्रीपासून सुरू होते (तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते). मुंबईने त्याआधीच हत्यार खाली ठेवले होते. त्यामुळे यंत्राच्या स्मृतीत ही लढाई घडलीच नाही.

२३/
त्याचा परिणाम गमतीदार होतो. पहिल्या गाडीची वेळ 'एशिया/कोलकाता' या नावाखाली नोंदवून पाहा : १६ एप्रिल १८५३, दुपारी ३:३०. डेटाबेस ही कलकत्त्याची वेळ समजतो आणि ग्रिनिचचे सकाळचे ९:३६ सांगतो. मुंबईच्या सूर्याप्रमाणे उत्तर हवे १०:३९. फरक सुमारे ६२ मिनिटांचा. ठाण्याचा तो प्रवास ५७ मिनिटांचा होता. म्हणजे यंत्राच्या हिशेबाने गाडी बोरीबंदरहून प्रत्यक्षात सुटण्यापूर्वीच ठाण्याला पोहोचलेली असते!

२४/
म्हणून जुन्या घटनांची डिजिटल कालरेषा तयार करणाऱ्यांना एक विनंती. १९५५ पूर्वीच्या मुंबईतील नोंदीवर तास-मिनिटे आढळली, तर ती कोणाची आहेत ते आधी विचारा. रेल्वेची? तारखात्याची? महापालिकेची? की कोणाच्या घरच्या भिंतीवरची? मूळ कागदावरील वेळ जशीच्या तशी लिहून ठेवा, आणि तिचे रूपांतर शेजारी स्वतंत्र रकान्यात करा. मूळ वेळ पुसून रूपांतरित वेळ लिहिली, तर पुढच्या अभ्यासकाला परतीची वाट राहत नाही.

२५/
आता माझी दुसरी चूक : पत्ता आणि विषय कसे पुसले गेले? कॅलेंडरच्या इंटरफेसमध्ये बदलाचे साधारणपणे दोन मार्ग असतात. 'अपडेट' जुनी नोंद काढून संपूर्ण नवी ठेवतो. जे तुम्ही पाठवले नाही ते गेले. 'पॅच' फक्त सांगितलेला रकाना बदलतो. मी नुसत्या नव्या वेळा पाठवून 'अपडेट' केले होते. योग्य रीत अशी की आधी पूर्ण नोंद मागवावी, तिच्यात हवा तेवढा बदल करावा आणि मग परत पाठवावी, किंवा सरळ 'पॅच' वापरावे. आरंभ बदलला तर समाप्तीची वेळही बदलावी, नाहीतर व्याख्यान सुरू होण्याआधी संपते.

२६/
१९०६ च्या हुकुमाकडे या नजरेने पाहिले की त्यातील उणीव स्पष्ट दिसते. सरकारला वाटले आपण एकच रकाना बदलत आहोत : घड्याळ. पण त्या रकान्यावर गिरणीचा भोंगा, पाळीची लांबी, बाजार उघडण्याची वेळ, शाळेची घंटा आणि देवळातील आरती टांगलेली होती. घड्याळ ३९ मिनिटे पुढे करताना गिरणीची सुरुवातही नव्या घड्याळात ३९ मिनिटे पुढे ढकलण्याची हमी दिली असती, तर कामगाराच्या पहाटेला धक्का लागला नसता. ती हमी कोणी द्यायची, हा प्रश्नच पटलावर आला नाही.

२७/
आणखी एक बारीक गोष्ट. नोंद बदलताना यंत्र विचारते : आमंत्रितांना कळवायचे का? 'सर्वांना', 'फक्त बाहेरच्यांना' किंवा 'कोणालाही नाही' असे पर्याय असतात. सुदैवाने मी 'सर्वांना' निवडले होते, म्हणून गुरुजींचा फोन आला आणि चूक दहा मिनिटांत उघडी पडली. 'कोणालाही नाही' निवडले असते तर ती व्याख्यानाच्या दिवशीच कळली असती. कळवल्याने बोलणी खावी लागतात हे खरे, पण त्यातूनच दुरुस्ती होते. फिरोजशहांचा आग्रह याहून फार वेगळा नव्हता.

२८/
हे सारे जुने झाले असे वाटत असेल तर मार्च २०२३ मधील लेबनॉन आठवा. तेथील सरकारने उन्हाळी वेळ रमजाननंतरपर्यंत पुढे ढकलण्याचे ऐनवेळी जाहीर केले. मॅरोनाइट चर्चने आणि इतर काही संस्थांनी ते मानले नाही. काही दिवस एका देशात दोन वेळा चालल्या, फोनही गोंधळले. वेळपट्ट्यांच्या डेटाबेसने बदल नोंदवला आणि सरकारने माघार घेताच तो मागे घेतला. १९०६ ची मुंबई बैरुतमध्ये पुन्हा अवतरली होती, फक्त यावेळी काटा फोनमध्ये होता.

२९/
आपल्याकडेही प्रश्न पुरता मिटलेला नाही. आसाममधील चहाच्या मळ्यांत 'बागान टाइम' चालतो. तो प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असतो, कारण तिथे सूर्य फार लवकर उगवतो आणि उजेडातील कामाचे तास वाया जातात. मुंबईच्या कामगाराला पुढे केलेले घड्याळ नकोसे होते आणि आसामात ते पुढे केलेलेच सोयीचे ठरले. एकच वेळ इतक्या रुंद देशावर पसरली की तिची किंमत पूर्वेला एक आणि पश्चिमेला दुसरी लागते.

३०/
टेमघरहून हे लिहीत असताना बाहेर यंत्रमागांची खडखड चालू आहे. भिवंडीत आजही दिवस पाळ्यांनी मोजला जातो : दिवसपाळी, रातपाळी. शेजारचे एक काका वर्षानुवर्षे मागावर आहेत. त्यांना मी ही ३९ मिनिटांची कथा सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "पाळी बदलायच्या वेळी दुसरा माणूस पाच मिनिटं उशिरा आला तरी पाय बोलायला लागतात. एकोणचाळीस म्हणजे लई झाली." जानेवारी १९०६ चे दगड समजून घ्यायला मला याहून चांगला भाष्यकार मिळाला नाही.

३१/
गुरुजींचे व्याख्यान शेवटी सहालाच झाले. आता प्रत्येक नोंदीत मी अंतरही लिहिते आणि वेळपट्टीचे नावही. 'एशिया/कोलकाता' असे टंकताना दर वेळी क्रॉफर्ड मार्केटचे घड्याळ आठवते.

तुमच्या घरी १९५५ पूर्वीची लग्नपत्रिका, नाटकाची जाहिरात किंवा सभेचे निमंत्रण असेल, तर त्यावरील वेळेपुढे काय लिहिले आहे ते जरूर पाहा आणि खाली कळवा. 'मुंबई टाइम' हे दोन शब्द सापडले तर तो कागद जपून ठेवा. यंत्राच्या वहीत नसलेली नोंद तुमच्या कपाटात असेल.

थ्रेड येथे पूर्ण. आवडला तर इतिहासप्रेमी मित्रांपर्यंत पोहोचवा. 🙏